जॅक जॉन्सनच्या मागावर: गॅल्व्हेस्टन, रीनो, शिकागो

शुक्रवार, गॅल्व्हेस्टन

ह्यूस्टनहून गॅल्व्हेस्टन गाडीने तासाभराचं. भाचा ह्यूस्टनलाच नोकरीला, त्यामुळे गाडी, हॉटेलं, विमानाची तिकिटं हे सगळं त्याने बघितलं. कुठे जायचं ते मात्र मी ठरवलं होतं. पुण्यात मी मुलींना बॉक्सिंग शिकवते. गार्ड, म्हणजे ठोसे अडवायचा हातांचा पवित्रा, समजावून सांगताना माझ्या तोंडी हटकून एक नाव येतं, जॅक जॉन्सन. १९०८ ते १९१५ हा माणूस जगाचा हेवीवेट विजेता होता, आणि तो किताब मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. त्याच्या लढतींच्या जुन्या मूक फिल्म मी इतक्यांदा पाहिल्यात की त्याचा डावा हात कधी पुढे येणार ते मला आधीच कळतं. तो जिथे घडला, जिथे जिंकला आणि जिथे त्याला पुरलं, ती गावं डोळ्यांनी पाहायची होती.

खाडीवरचा लांबलचक पूल उतरलं की बेट लागतं. इतकं सपाट, की ८ सप्टेंबर १९०० ला इथे काय झालं असेल ते कुणी सांगावं लागत नाही. त्या दिवशीच्या वादळाने ६ ते ८ हजार माणसं नेली, ती पण चाळीस हजारांच्या आतल्या वस्तीत. अमेरिकेत नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती आणि नंतरही नाहीत. जॉन्सनच्या आईवडिलांचं घरही त्यातच गेलं. मग गावाने समुद्राला १७ फूट उंचीची भिंत घातली आणि आख्खं गाव वर उचललं. घरांखाली स्क्रूचे जॅक लावायचे, घर वर घ्यायचं, खाली समुद्रातली वाळू भरायची. सेंट पॅट्रिक चर्चचं वजन ३,००० टन, तेही असंच पाच फूट उचललं. भाच्याने समुद्राच्या भिंतीवर गाडी लावली. आम्ही बरोबर आणलेले धपाटे खाल्ले आणि थेट पुतळा बघायला निघालो.

एम अव्हेन्यूवर ओल्ड सेंट्रल नावाची इमारत आहे. टेक्सासमधलं कृष्णवर्णीयांचं पहिलं हायस्कूल, सेंट्रल हाय, ते हेच. तिला लागून जॅक जॉन्सन पार्क. पार्क म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांसमोर येतं, पण हा शांत वस्तीतला छोटासा तुकडा आहे. गॅल्व्हेस्टनच्याच अर्ल जोन्स या शिल्पकाराने घडवलेला पुतळा तिथे उभा आहे. तो बसायला २०१० नंतरचं दशक उजाडावं लागलं. ज्या गावाच्या नावावरून त्याला जगभर 'गॅल्व्हेस्टन जायंट' म्हणत, त्या गावाला त्याची आठवण दगडधातूत ठेवायला शंभर वर्षं लागली. याचं मला वाईट वाटलं, आणि तरीही तो इथे, या शाळेपाशी आहे याचा आनंद जास्त झाला. समुद्रकाठच्या आइस्क्रीमच्या दुकानांत उभा असता तर लोकांनी फोटो काढले असते आणि पुढे गेले असते.

जॉन्सन जन्मला ३१ मार्च १८७८ ला. वडील हेन्री आणि आई टायनी, दोघंही जन्माने गुलाम. वडील शाळेची झाडलोट, देखभाल करत. याच गावात १९ जून १८६५ ला जनरल ग्रेंजरने हुकूम काढून टेक्सासमधल्या अडीच लाख गुलामांना ते स्वतंत्र झाल्याचं कळवलं. म्हणजे लिंकनच्या जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी. स्ट्रँड भागात त्या जागी आता भिंतभर रंगवलेलं मोठं चित्र आहे. संध्याकाळी तिथे उभं राहून मी मनातल्या मनात हिशेब केला: हुकुमानंतर तेरा वर्षांनी हा पोरगा जन्मला, आणि तिशीत तो जगज्जेता झाला. एका पिढीचं अंतर आहे हे.

शनिवार, गॅल्व्हेस्टन

सकाळी बंदराकडे गेलो. जॉन्सन पोरवयात इथल्या धक्क्यांवर हमाली करायचा. लहानपणी तो भांडणाला घाबरायचा, बहिणी त्याच्या वतीने मारामाऱ्या करायच्या. शेवटी आईने दम दिला, आता मार खाऊन घरी आलास तर माझ्याकडून आणखी खाशील. इथल्या गरीब वस्तीत गोरी आणि काळी पोरं एकत्र हुंदडायची, एकमेकांच्या घरी जेवायची. गोरा माणूस आपल्यापेक्षा वरचा असतो हे मला लहानपणी कुणी शिकवलंच नाही, असं त्याने पुढे सांगितलं आहे. त्याच्या पुढच्या आयुष्याची चावी मला इथेच सापडते. रिंगमधलं त्याचं हसणं, सोन्याचे दात, भरधाव मोटारी, उंची सूट, याला लोक उर्मटपणा म्हणत. मला त्यात माज दिसत नाही. आपण कमी आहोत हे ज्याच्या अंगवळणी कधी पडलंच नाही, तो माणूस असाच वागणार.

कमाईची सुरुवात मात्र वाईट होती. 'बॅटल रॉयल' नावाचा प्रकार तेव्हा चाले. पाच-सहा काळ्या पोरांना एकदम रिंगमध्ये सोडायचं, कधी डोळ्यांवर पट्टी बांधून, आणि शेवटी उभा राहील त्याच्यासाठी गोऱ्या प्रेक्षकांनी नाणी फेकायची. जॉन्सन त्यातून वर आला.

मला जिच्यासाठी इथे यायचं होतं ती गोष्ट याच्या नंतरची. फेब्रुवारी १९०१. वादळाला सहा महिनेही झाले नव्हते, गाव अजून ढिगारे उपसत होतं. जो चोइन्स्की नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा ज्यू मुष्टियोद्धा इथे आला. बत्तिशीचा, अंगाने हलका, पण त्या काळच्या सगळ्या बड्यांशी लढलेला. त्याने बावीस वर्षांच्या जॉन्सनला तिसऱ्या राउंडमध्ये आडवा केला. तेवढ्यात टेक्सास रेंजर्स, म्हणजे राज्याचे पोलीस, रिंगमध्ये चढले, कारण बक्षिसाच्या मुष्टियुद्धांना राज्यात बंदी होती. जिंकलेला आणि हरलेला दोघंही एकाच तुरुंगात गेले. जामीन भरायला पैसे नव्हते. तीनेक आठवडे ते आत होते, आणि शेरीफच्या परवानगीने रोज हातमोजे घालून सराव करत होते. लोक तो बघायला येत.

चोइन्स्कीने तिथे त्याला काय शिकवलं असेल? तुझ्यासारखं हलता येणाऱ्या माणसाने ठोसा खायचं कारणच नाही, असं तो जॉन्सनला म्हणाल्याचं सांगतात. मी हे वाक्य मुलींना नेहमी सांगते. नवीन मुलगी आली की तिला मारायची घाई असते. बॅगवर जोर काढते, आणि समोर कुणी उभं राहिलं की डोळे मिटते. तिला आधी समोरच्याचा हात येताना बघायला शिकवावं लागतं, मग तो तळहातावर झेलायला, मग अर्धं पाऊल मागे जायला. मारणं सगळ्यात शेवटी. जॉन्सन हे सगळं एका कोठडीत, ज्याने आपल्याला बेशुद्ध केलं त्याच्याच हाताखाली शिकला. इतका चांगला कोचिंग कॅम्प मला दुसरा माहीत नाही.

"मावशी, तो तुरुंग दाखव ना," भाचा म्हणाला. जुन्या तुरुंगाची खूण आम्हाला काही सापडली नाही. आम्ही समुद्राच्या भिंतीवर गेलो आणि मी त्याला तिथेच उभा केला. "मार," म्हटलं. त्याने भीत भीत जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकला. मी त्याचा दंड कोपराच्या वर धरला. त्या हाताने त्याला काहीच करता येईना. जॉन्सन हेच करायचा. समोरचा ठोसा मारायला निघाला की मनगट नाही, दंड धरायचा, मुळातच. मग दुसऱ्या हाताने खालून अपरकट.

रविवार

दिवसभर विमानं. डेन्व्हरला बदलून रीनो. उतरताना एका बाजूला सिएरा नेवाडाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला मातकट वाळवंट. रात्री गावच्या प्रसिद्ध कमानीखालून चालत गेलो आणि जेवून झोपलो.

सोमवार, रीनो

इथपर्यंत यायला जॉन्सनला किती वाट बघावी लागली ते आधी सांगते. १९०३ पासून तो कृष्णवर्णीयांचा हेवीवेट विजेता होता. तसा वेगळा किताबच होता. खऱ्या किताबाचा मालक जेम्स जेफ्रीज काळ्या माणसाशी किताबासाठी लढणार नाही म्हणे, आणि १९०५ मध्ये तो न हरताच निवृत्त झाला. पुढे किताब टॉमी बर्न्सकडे गेला, तेव्हा जॉन्सन त्याच्या मागोमाग इंग्लंडला आणि तिथून ऑस्ट्रेलियाला गेला. अखेर २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत बर्न्स उभा राहिला, ३०,००० डॉलर घेऊन. जॉन्सनला ५,०००. चौदाव्या राउंडमध्ये पोलिसांनी लढत थांबवली, बर्न्सची अवस्था बघवत नव्हती म्हणून. आणि तिथून गोऱ्या जगाने जेफ्रीजची मनधरणी सुरू केली. बर्बँकच्या शेतावर शंभरेक पौंड वजन वाढवून बसलेल्या माणसाला सांगितलं, आमच्यासाठी ऊठ.

लढत सॅन फ्रान्सिस्कोला ठरली होती. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ऐनवेळी बंदी घातली. नेवाडाचा गव्हर्नर डेन्व्हर डिकरसन हो म्हणाला आणि आयोजक टेक्स रिकार्डने काही आठवड्यांत इथे लाकडी स्टेडियम उभारलं. सकाळी आम्ही त्या जागेवर गेलो. पूर्वेकडचा चौथा रस्ता, जुनी मोटेलं, गोदामं, कुंपणं. रस्त्याच्या कडेला नेवाडा सरकारची खुणेची पाटी. बस्स. स्टेडियमचं लाकूडसुद्धा उरलेलं नाही. भाचा जरा हिरमुसला. मला मात्र तिथून हलवेना. डोंगर तेच, ऊन तेच. ४ जुलै १९१०, भर दुपार, वीसेक हजार लोक, दारावर शस्त्रं काढून घेतलेली, आत दारू बंद. एक लाख एक हजार डॉलरचं बक्षीस. पंच म्हणून स्वतः रिकार्ड. आणि त्या गर्दीत जॉन्सनच्या बाजूचे मूठभर.

फिल्म मोबाइलवर होती. पाटीजवळच्या सावलीत बसून आम्ही ती पुन्हा पाहिली. जेफ्रीज नेहमीसारखा वाकून, डावा हात पुढे काढून येतो. जॉन्सन ताठ उभा, वजन मागच्या पायावर, हातमोजे उघडे. ठोसा येतो, तो तळहाताने बाजूला करतो. जेफ्रीज मिठीत शिरतो, जॉन्सन त्याचे दोन्ही दंड धरून ठेवतो आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे जेफ्रीजच्या कोपऱ्यातल्या जिम कॉर्बेटशी बोलतो. कॉर्बेट पूर्वीचा विजेता. तो सारखा शिव्या घालत होता आणि जॉन्सन प्रत्येक शिवीला हसून उत्तर देत होता.

"हा त्याला लवकर का नाही संपवत?" भाच्याने विचारलं.

"घाई नाहीये त्याला. बघ, पाय बघ. वरचं नको बघू."

पाय कधीच एकमेकांवर येत नाहीत. मागचा पाय आधी, मग पुढचा, आणि अंतर कायम. चौदा राउंड जेफ्रीजचे ठोसे त्या अंतरात विरून जातात. पंधराव्यात तो खाली जातो. आयुष्यात पहिल्यांदाच. उठतो, पुन्हा जातो, पुन्हा. मग त्याची माणसं रिंगमध्ये चढतात.

त्या दिवशी शिकागोत त्याची आई पेकिन थिएटरात बसून तारेने येणारी बातमी ऐकत होती. आणि त्याच रात्री देशभरातल्या शहरांत दंगली झाल्या. आनंद करणाऱ्या काळ्या लोकांवर गोरे जमाव तुटून पडले, वीसच्या आसपास माणसं मेली, मेलेल्यांत बहुतेक काळी. रिंगमध्ये नियम पाळून जिंकलेल्या लढतीची किंमत रिंगबाहेर, जी माणसं नुसती आपल्या गल्लीत उभी होती त्यांनी मोजली. फिल्मवर ठिकठिकाणी बंदी आली, आणि १९१२ मध्ये अमेरिकी संसदेने मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यालाच बंदी करणारा कायदा केला.

याचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९११ मध्ये लंडनला जॉन्सन विरुद्ध बॉम्बार्डियर बिली वेल्स अशी लढत ठरली. हा वेल्स ब्रिटिश तोफखान्यातला. रावळपिंडीच्या छावणीत असताना हिंदुस्थानातल्या लष्करी स्पर्धांत त्याने नाव कमावलं होतं. गृहमंत्री होता विन्स्टन चर्चिल. त्याने ही लढत बेकायदेशीर ठरवून होऊ दिली नाही. काळ्या माणसाने ब्रिटिश सैनिकाला लोळवलं तर साम्राज्यातल्या प्रजेला काय वाटेल, ही काळजी त्या वेळी उघड बोलली जात होती. ती प्रजा म्हणजे आपले पणजोबा. त्याच्या आदल्याच वर्षी, रीनोच्या लढतीनंतर दोन महिन्यांनी, आपला गामा पैलवान लंडनच्या आखाड्यात पोलंडच्या झ्बिस्कोला जमिनीला चिकटवून बसला होता, आणि फेरलढतीला झ्बिस्को आलाच नाही म्हणून पट्टा गामाला मिळाला होता. दोन माणसं, दोन खेळ, पण एकाच वर्षीच्या उन्हाळ्यात ज्यांना जे बघायला नको होतं ते त्यांना बघावं लागलं.

दुपारी ट्रकी नदीकाठी बसलो. पाणी बर्फासारखं गार. संध्याकाळी परत एकदा चौथ्या रस्त्यावर गेले, एकटीच.

बुधवार, शिकागो

मंगळवार पुन्हा विमानात गेला. सकाळी शहराच्या दक्षिणेला, पश्चिम ३१व्या रस्त्यावर. जुलै १९१२ मध्ये ४१ नंबरला जॉन्सनने 'कॅफे द चँपियन' उघडलं. भिंतींवर चित्रं, चांदीच्या पिकदाण्या, आणि काळे-गोरे एकाच खोलीत बसलेले. त्या काळात हेच लोकांना जास्त खुपलं. आज तिथे त्यातलं काहीही नाही.

वरच्या मजल्यावर तो आणि त्याची गोरी पत्नी एटा राहायची. कॅफे उघडून दोन-अडीच महिने झाले होते, तेव्हा एटाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तिला नैराश्याने घेरलं होतं. समाजाने तिला वाळीत टाकलं होतं हे खरं, पण जॉन्सन तिला मारायचा हेही खरं. एकदा तर ती हॉस्पिटलात होती. त्याचं कौतुक करणारे लोक हे वाक्य गाळतात. मी मुलींना शिकवते. रिंगमध्ये ज्याने न मारता जिंकायची कला इतक्या उंचीवर नेली, त्याने घरी हात उचलला, हे मी त्यांच्यापासून लपवत नाही आणि लपवणारही नाही.

महिनाभरात त्याला अटक झाली. कायदा होता १९१० चा मॅन अॅक्ट, बायकांना धंद्यासाठी पळवून नेणाऱ्या टोळ्यांविरुद्ध केलेला. ल्युसिल कॅमेरॉन या तरुणीच्या आईने तक्रार केली. ल्युसिलने त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात त्याच्याशी लग्नच केलं. मग सरकारने बेल श्रायबर या त्याच्या जुन्या मैत्रिणीला शोधून काढलं. सगळे ज्यूरी गोरे. मे १९१३ मध्ये दोषी, शिक्षा एक वर्ष आणि एक दिवस. अपील चालू असतानाच तो कॅनडामार्गे फ्रान्सला निसटला. सात वर्षं परागंदा. १९२० मध्ये मेक्सिकोच्या हद्दीवर स्वतःहून हजर झाला आणि लेव्हनवर्थच्या केंद्रीय तुरुंगात शिक्षा भोगली. रीनोच्या लढतीला परवानगी देणारा तो डिकरसन तोवर केंद्रीय तुरुंगांच्या कारभारात मोठ्या पदावर होता. दैव अशी माणसं कुठे कुठे परत भेटवतं! सुटल्यावर १९२२ मध्ये जॉन्सनने पान्याच्या एका सुधारित रचनेचं पेटंट घेतलं. मोटारींचा वेडा होता तो.

मोटारीनेच तो गेला. १० जून १९४६, नॉर्थ कॅरोलायनात फ्रँकलिंटनजवळ. रस्त्यावरच्या खाणावळीने काळा म्हणून नीट वागवलं नाही, तो संतापून निघाला, आणि पुढे गाडी विजेच्या खांबावर आदळली. अडुसष्ट वर्षांचा होता.

दुपारी रेड लाइनने उत्तरेला, शेरिडन स्टेशनवर उतरून ग्रेसलँड दफनभूमीत. इथे शिकागोचे मोठमोठे वास्तुकार, कारखानदार, धनिक आहेत, तळं आहे, झाडी सुंदर आहे. जॉन्सनची जागा शोधायला वेळ लागला. मोठ्या दगडावर फक्त 'जॉन्सन'. शेजारी एटा. तिला त्यानेच इथे पुरलं होतं आणि आपली जागाही बाजूलाच धरली होती. शेवटची पत्नी आयरीन त्याच्या अंत्यविधीच्या वेळी म्हणाली होती की तो जगाला न भिता सामोरा गेला म्हणून माझं त्याच्यावर प्रेम होतं. २४ मे २०१८ ला राष्ट्राध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. त्यासाठी सिनेटर जॉन मॅकेनसारखे लोक कित्येक वर्षं संसदेत ठराव आणत होते. शिक्षेला तोवर शंभरावर पाच वर्षं होऊन गेली होती.

भाच्याच्या मनात एक प्रश्न सकाळपासून होता, तो त्याने परतीच्या गाडीत काढला. "मावशी, हवानाला तो मुद्दाम हरला ना?"

५ एप्रिल १९१५, क्युबातल्या हवानाचं रेसकोर्स. समोर जेस विलार्ड, साडेसहा फूट उंच, कॅन्ससचा. पंचेचाळीस राउंडांची लढत. सव्विसाव्यात जॉन्सन पडला आणि किताब गेला. प्रसिद्ध फोटोत तो उताणा आहे आणि हात असे, जणू डोळ्यांवरचं ऊन अडवतोय. पुढे पैशांसाठी त्याने आपण मुद्दाम हरलो असं लिहूनही दिलं. मला ते पटत नाही. फिल्म बघा: पहिल्या वीस राउंडांत तो विलार्डला संपवायला बघतोय, आणि तो संपत नाहीये. मग पाय जड होतात. जो माणूस आयुष्यभर अर्धं पाऊल मागे जाऊन जगला त्याचं ते अर्धं पाऊल त्या दिवशी उन्हात संपलं. सदतीस वर्षांचं वय, दोन वर्षं देशाबाहेर, नीट सराव नाही, सरावाच्या लढतींना धड जोडीदार नाहीत. हरायचंच असेल तर कुणी सव्विसाव्या राउंडपर्यंत थांबत नाही, दहाव्यात झोपतो.

"विलार्डला विचारलं होतं की कुणीतरी," मी भाच्याला म्हटलं. "तो म्हणाला, मुद्दामच हरायचं होतं तर जरा आधी हरायला हवा होता, मरणाचं ऊन होतं तिथे."